विश्लेषण : जुने कपडे ऑनलाइन विकून जोड-उत्पन्न मिळते का? पहिले कपाट रिकामे झाल्यावर काय?

घरात पडून असलेले कपडे धुऊन, इस्त्री करून, मोबाइलवर फोटो काढून विकायचे आणि नोकरी सांभाळून महिन्याला चार पैसे जोडायचे, ही कल्पना सोपी वाटते. दुकानाचे भाडे नाही, मोठे भांडवल नाही. ठरलेल्या पगारात महिना काढणाऱ्या पालघर, बोईसर, कोळगाव परिसरातील घरांना ती खुणावणे साहजिक आहे. मात्र घरातील कपडे विकणे आणि विकण्यासाठी कपडे विकत घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नफा, कर, कायदा आणि जोखीम ही चारही गणिते या एका फरकावर बदलतात. तो फरक काय, याचे हे विश्लेषण.

जुन्या कपड्यांचा व्यापार नवा आहे का?

अजिबात नाही. मराठी घरांत तो बोहारणीच्या नावाने ओळखला जातो. जुन्या साड्या, शर्ट, पँटी घ्यायच्या आणि बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा द्यायचा, हा तिचा व्यवहार. मुंबई आणि परिसरात हे काम प्रामुख्याने गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजातील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजारही वापरलेल्या वस्तूंसाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो.

बोहारणीचे काम दारावरच्या घासाघिशीवर संपत नसे. कपडे निवडणे, धुणे, रफू करणे, तुटलेले बटण लावणे, इस्त्री करणे आणि मग ते बाजारात नेणे, हे सारे त्यात येई. तिला एकही कपडा फुकट मिळत नसे. भांडे स्वतःच्या पैशाने आणलेले असल्याने प्रत्येक साडी आपल्याला केवढ्याला पडली, हे तिला पक्के ठाऊक असे. आजच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून नेमका हाच हिशेब निसटतो.

ऑनलाइन विक्री नेमकी कशी चालते?

साधारण तीन मार्ग आहेत. पहिला, ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेससारख्या जाहिरातींच्या जागा. इथे ग्राहक जवळचा असतो आणि बऱ्याचदा वस्तू हातोहात दिली जाते. दुसरा, इन्स्टाग्रामवरील ‘थ्रिफ्ट स्टोअर’. ठरलेल्या वेळी दहा-वीस कपड्यांचे फोटो टाकले जातात, जो आधी मेसेज करेल त्याला कपडा मिळतो, पैसे यूपीआयने येतात आणि पार्सल कुरिअरने जाते. तिसरा, वापरलेल्या कपड्यांसाठीची खास ॲप. इथे पैसे ॲपमार्फत येतात आणि ॲप आपले कमिशन किंवा शुल्क घेते.

तिन्ही ठिकाणी एक अडचण समान आहे. नव्या कपड्यांचा विक्रेता एकदा फोटो काढून तोच कुर्ता शंभर जणांना विकू शकतो. जुना कपडा एकच असतो. त्याचा फोटो, मापे, डाग-दोषांचे वर्णन आणि ‘अजून कमी होईल का’ या प्रश्नांची उत्तरे, हे सगळे एका विक्रीसाठीच करावे लागते. या धंद्यात सर्वाधिक खर्च होतो तो वेळ.

पालघर-बोईसर पट्ट्यात याचा विचार का?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगाव हे जिल्हा मुख्यालयाचे ठिकाण झाले. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेमुळे इथे पगारदारांची रोजची वर्दळ असते. पुढे बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत आहे. रसायने आणि पोलादाबरोबर कापडाचे कारखानेही तिथे आहेत. २०१३ मध्ये विरार-डहाणू उपनगरी सेवा सुरू झाल्यापासून केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्थानके एकाच लोकलने जोडली गेली.

जुन्या कपड्यांच्या व्यवहारासाठी हा भूगोल सोयीचा आहे. कार्यालयात जाणारे, पाळीत काम करणारे आणि शिकणारे असे तिन्ही प्रकारचे ग्राहक एका रेल्वेमार्गावर आहेत. जाता-येता स्थानकाबाहेर कपडा दाखवून हातोहात देता आला, तर कुरिअरचा खर्च वाचतो आणि ग्राहकाला कापड हाताने पाहता येते.

उलट बाजूही आहे. किनारपट्टीचा दमटपणा आणि जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस कपड्यांना मानवत नाही. न वाळलेला किंवा प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवलेला कपडा कुबट वास धरतो, त्यावर बुरशीचे ठिपके येतात. पावसाळ्यापूर्वी घेतलेला माल गणपतीपर्यंत विकला गेला नाही, तर त्यातला काही कायमचा हातचा जातो.

प्रत्यक्ष हिशेब काय सांगतो?

एक नमुना हिशेब मांडू. त्यातील आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, सरासरी ६० रुपयांप्रमाणे ४० कपडे घेतले. खर्च २,४०० रुपये. घरी आणून तपासल्यावर ८ कपडे फाटके किंवा न निघणाऱ्या डागांचे निघाले. उरले ३२. त्यांची धुलाई आणि इस्त्री प्रत्येकी १५ रुपयांप्रमाणे ४८० रुपये. महिन्याभरात २० कपडे सरासरी २५० रुपयांना विकले गेले, पण दोन परत आले आणि त्यांचे पैसे द्यावे लागले. हाती राहिले १८ कपड्यांचे ४,५०० रुपये.

पाठवण्याचा खर्च विक्रेत्याने सोसला तर २० पार्सलचे ७० रुपयांप्रमाणे १,४०० आणि दोन परतीचे १४०. पॅकिंगचे १६०. एकूण खर्च ४,५८० रुपये. म्हणजे ४,५०० रुपयांची विक्री करून महिनाअखेर ८० रुपयांचा तोटा. वर १४ कपडे कपाटात पडून.

आता जातानाचे कुरिअर ग्राहकाने दिले असे धरू. मग १,३२० रुपये उरतात. फोटो, मापे आणि वर्णनाला कपड्यामागे २० मिनिटे, धुणे-सुकवणे-इस्त्रीच्या खटपटीला १० मिनिटे आणि विकल्या गेलेल्या कपड्यामागे मेसेज, पॅकिंग, कुरिअरच्या फेरीसाठी १५ मिनिटे धरली, तर महिन्याचे २१ तास होतात. तासाला मिळाले जेमतेम ६३ रुपये.

हेच ४० कपडे घरचे असते तर खरेदीचे २,४०० रुपये वाचले असते. उरले असते ३,७२० रुपये, म्हणजे तासाला सुमारे १७७ रुपये. पहिल्या महिन्यात धंदा जोरात वाटतो तो यामुळेच. विकले जात असते स्वतःचे कपाट, ज्याचे पैसे कधीच देऊन झालेले असतात. कपाट रिकामे झाले की खरी परीक्षा सुरू होते.

मग माल आणायचा कुठून?

देशात कपड्यांचा तुटवडा नाही. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ मधील अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्र-कचरा जमा होतो आणि त्यात निम्म्याहून किंचित अधिक वाटा देशातील ग्राहकांनी वापरून टाकलेल्या कपड्यांचा आहे. प्रश्न आहे तो निवडक, स्वच्छ आणि विकण्याजोगा कपडा वेगळा काढण्याचा.

सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे नातेवाईक, शेजारी, सहकारी यांचे कपडे विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर घेणे. कपडा विकला तर ठरलेला हिस्सा मालकाला द्यायचा, नाही तर कपडा परत करायचा. यात पैसे अडकत नाहीत आणि कपडा कुठून आला हेही ठाऊक असते.

दुसरा मार्ग गठ्ठ्याचा. ‘परदेशी ब्रँडेड माल, किलोच्या भावाने’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर दिसतात. इथे सावध राहावे. भारतात वापरलेल्या कपड्यांची आयात निर्बंधित आहे, त्यासाठी परवाना लागतो. गठ्ठा न उघडता, बिलाशिवाय घेतलेला माल सदोष निघाला तर दाद मागायला कागद नसतो आणि तो देशात कसा आला याचे उत्तरही नसते.

तिसरी गल्लत कारखान्यातील ‘सेकंड’ मालाची. शिलाईत दोष असलेला किंवा ऑर्डरमधून उरलेला कपडा नवाच असतो. तो जुना म्हणून किंवा जुना कपडा ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. नकली ब्रँडचा प्रश्न याहून गंभीर आहे. खरा ब्रँडेड कपडा वापरून पुन्हा विकण्यात गैर काही नाही. पण खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकल्यास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

कायद्याच्या नजरेत ‘व्यवसाय’ कधी सुरू होतो?

स्वतःचे वापरलेले कपडे अधूनमधून विकणे हा व्यवसाय मानला जात नाही. प्राप्तिकर कायद्यात नेसण्याचे कपडे वैयक्तिक वस्तूंत मोडतात, ते भांडवली मालमत्ता नसतात. त्यामुळे त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनीही हीच रेषा आखली आहे. नियमितपणे किंवा पद्धतशीरपणे चालणाऱ्या व्यापाराचा भाग नसलेली, वैयक्तिक स्वरूपाची विक्री या नियमांबाहेर ठेवली आहे.

विकण्यासाठी विकत घेणे सुरू झाले, की ती रेषा ओलांडली जाते. मग मिळणारा नफा हे व्यवसायाचे उत्पन्न ठरते आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. पगारदारांच्या परिचयाचा आयटीआर-१ अर्ज तेव्हा चालत नाही. अनुमानित उत्पन्नाची योजना निवडल्यास आयटीआर-४ भरता येतो. त्यात डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरला जातो. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा असतो. यूपीआयने आलेली प्रत्येक रक्कम बँकेत नोंदली जात असल्याने वेगळे खाते आणि साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवलेली बरी.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते, पण त्यांना लाभ मिळतो तो प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरता. नोंदणी करून देण्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाची गरज नाही.

पार्सल वापीला पाठवले तर जीएसटी लागतो?

सीमेवरच्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स मंचावरून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही ही सवलत मिळाली. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री राज्यातच ठेवावी लागते.

करपात्र वस्तू व्यवसाय म्हणून दुसऱ्या राज्यात पाठवली, की उलाढालीची ही मर्यादा उपयोगी पडत नाही. नोंदणी बंधनकारक होते. बोईसरहून चंद्रपूरला गेलेले पार्सल राज्यांतर्गत, पण त्याहून कितीतरी जवळच्या वापी, दमण किंवा सिल्वासाला गेलेले पार्सल आंतरराज्य ठरते. इन्स्टाग्रामवरून देशभर विक्री करणाऱ्या हौशी विक्रेत्यांनी ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

नोंदणी झालीच तर एक तरतूद दिलासा देते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले नसल्यास, संपूर्ण विक्रीमूल्याऐवजी खरेदी आणि विक्रीतील फरकावर कर भरता येतो. तोटा झाला तर करपात्र मूल्य शून्य धरले जाते. मात्र वस्तूचे स्वरूप बदलता कामा नये. बटण लावणे किंवा रफू करणे चालते. साडीचा ड्रेस शिवला तर ती जुनी साडी राहत नाही.

कोळगावच्या सरकारी नोकरदारांचे काय?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करण्यास त्यात मनाई आहे. घरातील माणूस व्यापार करत असेल तर तेही सरकारला कळवावे लागते. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. आपले जुने कपडे विकणे हा व्यापार नाही. पण पत्नीच्या नावाने खाते उघडून प्रत्यक्षात स्वतःच धंदा चालवणे ही पळवाट चौकशीत टिकणारी नाही.

खासगी कंपन्यांतील कामगारांनी आणि अभियंत्यांनी नियुक्तिपत्र काढून वाचावे. दुसऱ्या उत्पन्नावर बंदी किंवा पूर्वसूचनेची अट अनेक करारांत असते.

फसवणूक कुठे होते?

विक्रेत्याची फसवणूक बहुधा ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ या वाक्याने सुरू होते. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. ‘चुकून जास्त पैसे गेले, उरलेले परत करा’ असा मेसेज आला, तर समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर न जाता आधी आपल्या बँक खात्यातील जमा तपासावी. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता कमी.

महिला विक्रेत्यांसाठी आणखी एक धोका आहे. कपडे स्वतः घालून काढलेले फोटो, घराचा पत्ता आणि वैयक्तिक मोबाइल क्रमांक एकाच ठिकाणी जाहीर होतात. कपडा हँगरवर किंवा पलंगावर अंथरून फोटो काढावा, विक्रीसाठी वेगळा क्रमांक ठेवावा आणि हातोहात देताना स्थानकाबाहेरची वर्दळीची जागा निवडावी.

ग्राहकाचीही बाजू आहे. डाग, भोक, सैल झालेले इलॅस्टिक याचा जवळून फोटो द्यावा. लेबलवरील आकाराबरोबर छाती, कंबर आणि उंचीचे माप इंचांत लिहावे. जुना कपडा धुऊन आटलेला असू शकतो. अंतर्वस्त्रे विकू नयेत. बाकीचा प्रत्येक कपडा, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुऊन आणि पूर्ण वाळवूनच पाठवावा. खरजेसारखे त्वचारोग कपड्यांतूनही पसरू शकतात.

परदेशात चालले, मग इथे का अडते?

लिथुआनियात २००८ मध्ये सुरू झालेली ‘विंटेड’ युरोपभर पसरली. ‘डेपॉप’ हे ॲप ‘एट्सी’ने २०२१ मध्ये १.६२५ अब्ज डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी अमेरिकेची ‘पॉशमार्क’ भारतात आली, पण २०२३ मध्ये तिने इथला गाशा गुंडाळला.

कपड्याची किंमत आणि तो पोहोचवण्याचा खर्च यांचे प्रमाण इथे निर्णायक ठरते. दोन-अडीचशे रुपयांच्या कुर्त्यावर सत्तर रुपयांचे कुरिअर म्हणजे किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्याच पैशांत रस्त्यावरच्या स्टॉलवर नवा कुर्ता मिळतो. जुना कपडा मुळात महाग, टिकाऊ किंवा दुर्मीळ असेल, तरच लांबच्या ग्राहकाला त्याचा मोह पडतो. लग्नात एकदाच नेसलेला शालू, चांगल्या कंपनीचे जॅकेट, हातमागाची साडी यांना मागणी येते. रोजच्या वापराचा टी-शर्ट जिल्ह्याबाहेर पाठवणे परवडत नाही.

मग करावे की करू नये?

घरातील कपडे विकायला हरकत नाही. त्यात गमावण्यासारखे फारसे नाही आणि कपडा कचऱ्यात जाण्याऐवजी कुणाच्या तरी अंगावर जातो. मात्र त्या पहिल्या कमाईच्या भरवशावर कर्ज काढून किंवा साठवलेले पैसे घालून गठ्ठे आणू नयेत. आधी इतरांचे दहा-पंधरा कपडे हिश्श्याच्या बोलीवर विकून पाहावेत, स्वतःचा वेळ मांडावा आणि तासाचा दर काढावा. तो पटला तरच पुढचे पाऊल टाकावे. विक्री शक्यतो पालघर-बोईसर पट्ट्यात, फार तर राज्यात ठेवावी.

दोन गोष्टी मात्र एकट्या विक्रेत्याच्या हातात नाहीत. हस्तकलेच्या वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवणाऱ्या छोट्या कारागिरांना जीएसटी नोंदणीतून ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत आहे. वापरलेल्या कपड्यांच्या छोट्या विक्रेत्यांना तशी मर्यादा दिल्यास सीमेवरच्या तालुक्यांतील व्यवहार नियमात येतील आणि महसुलाचे फारसे नुकसानही होणार नाही. दुसरे, धुलाई, दुरुस्ती, फोटो आणि पॅकिंग ही कामे एकट्याने केली तर तासाचा दर पडतो. ‘उमेद’ अभियानातील बचत गटांनी ती एकत्रितपणे केली, तर तोच व्यवहार किफायतशीर होऊ शकतो. जिल्हा प्रशासनाने एखाद्या गटाबरोबर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

त्यात बोहारणीचाही विचार व्हावा. चांगले कपडे ऑनलाइन गेले, तर तिच्या वाट्याला उरलासुरला मालच येईल. कापडाची पारख, रफू आणि भाव ठरवण्याचे ज्ञान तिच्याकडे आहे, मोबाइलवरून ग्राहक गाठण्याची हातोटी नव्या विक्रेत्यांकडे. या दोघांची सांगड घातली, तर पहिले कपाट रिकामे झाल्यावरही हा जोडधंदा टिकू शकेल.